व्याह्यांची टिचकी

आमच्या व्याह्यांनी आजवर एकाही लोखंडी पाइपवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही. माणसांवर मात्र ते डोळे मिटून ठेवतात. माझ्या मुलीला, केतकीला, पाहायला ते मुलुंडला आमच्या घरी आले, तेव्हा शिक्षण, पगार, पत्रिका, कशाबद्दलही त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन ते सरळ बाल्कनीत गेले, ग्रीलच्या पाइपवर बोटाने टिचकी मारली, कान लावला आणि एखाद्याच्या घरी समाचाराला आल्यासारखा चेहरा करून मला म्हणाले, "शिवणीचा घातलात हो!" मी घाईघाईने सगळं बिल्डरवर ढकललं. तेवढ्यात, जे आम्ही लपवायचं ठरवलं होतं तेच केतकीने आत सांगून टाकलं. ती गाड्यांच्या शर्यतींत उतरते आणि लग्नानंतरही उतरणार. बायकोने कपाळाला हात लावला. मला वाटलं, वाट लागली. व्याही बाल्कनीतून आत आले, बशी टीपॉयवर ठेवली आणि म्हणाले, "मगे गाडीत पिंजरो लागतलो!" आमच्याकडे लग्न ठरलं ते असं.

पिंजरा म्हणजे शर्यतीच्या गाडीत चालकाभोवती आतून जोडलेला पोलादी पाइपांचा सांगाडा. गाडी उलटली की टप चेपतो, पण पिंजरा माणसाला सांभाळतो. व्याह्यांचे वडील मालवणहून गिरणीत आले. व्याह्यांनी कांदिवलीला गाळा घेतला आणि जन्मभर जिन्याचे कठडे, शाळेची बाकं आणि दवाखान्याच्या खाटा केल्या. सून घरात आली आणि कठड्यांची गिऱ्हाइकं तिष्ठत बसू लागली. लग्नातसुद्धा मंगलाष्टकं चालू असताना हा गृहस्थ मंडपाचा खांब ठोकून बघत होता, आणि त्यांचा चेहरा पाहून आमच्याकडचे अर्धे पाहुणे अक्षता घेऊन पलीकडे सरकले.

पाइप निवडायला ते मानखुर्दच्या एका गोदामात जातात आणि सोबत मला नेतात, कारण "मुलीकडचं माणूस नको?" दुकानदार त्यांना बघूनच थकतो. "काका, एकदम झकास माल आहे ना, डोळे झाकून घ्या," तो म्हणतो. व्याही डोळे आणखी मोठे करतात. पत्रा गुंडाळून सांधलेला तो शिवणीचा पाइप. त्याच्याकडे ते बघतही नाहीत. त्यांना लागतो बिनशिवणीचा. पातळ नको, गाडी उलटली की तो दुमडेल. फार जाडही नको, गाडी जड होते आणि सुनेचं तोंड उतरतं. एकदा एका पोरसवदा विक्रेत्याने वजनाने हलकं, ताकदीला दुप्पट असं परदेशी पोलाद दाखवलं. व्याह्यांनी ते मनापासून कुरवाळलं आणि परत ठेवलं. "चांगलं आहे, पण ह्याचं वेल्डिंग माझ्या हातात बसलेलं नाही. घरच्या माणसावर कशाला शिकायचं?" मग टिचक्या सुरू होतात. टिचकी, कान, टिचकी, कान. पसंत पडलेल्या पाइपचा तुकडा कापून ते शेगड्याच्या लोखंडी जबड्यात दाबून पार चपटा करतात. वाकला आणि तडा गेला नाही तर पास. तडा दिसला तर दुकानदाराला नमस्कार करून आम्ही रिकाम्या हाताने परत.

मला मात्र हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. एकुलती एक मुलगी आणि असला जिवावरचा नाद! "तुम्ही पिंजरा केला नसतात, तर ती बसली नसती," असं मी एकदा चिडून म्हणालोही. व्याही शांतपणे म्हणाले, "नाय केलंय तरी ती बसतली. मगे?"

गेल्या हिवाळ्यात मातीच्या ट्रॅकवर तिची गाडी उलटली. दोनदा. आम्ही धावत पोचलो तर ही बाई कोपराला पट्टी बांधून चहा पीत बसलेली. दुसऱ्या दिवशी गाडी गाळ्यावर आली. तिच्या डोक्यावरचा पाइप चांगला वीतभर वाकला होता, पण तडा कुठेही नव्हता. मी त्यावरून दोनदा हात फिरवला. व्याही तर सरळ रडत होते. रडतारडताच त्यांनी कटर काढला, कारण एकदा वाकलेला पिंजरा पुन्हा वापरायचा नसतो.

"आता पुरे," मी म्हणालो.

केतकी माझ्याजवळ आली. "पप्पा, तू नको म्हणालास तर नाही बसणार मी. पण नीट विचार करून सांग ना."

आठवड्याने व्याह्यांचा फोन आला, "चला मानखुर्दला." केतकीला नको म्हणायचं ठरवूनच मी गेलो. गोदामात त्यांनी मला एका पाइपसमोर उभं केलं. "आज टिचकी तुम्ही मारा."

"मला त्यातलं काय कळतंय, व्याही?"

"माका तरी खंय कळता!" ते म्हणाले. "आवाजातून काय्येक समजत नाय. कळतं ते तुकडा दाबल्यावरच."

"मग इतकी वर्षं टिचक्या कसल्या मारताय?"

व्याही जरा ओशाळले. "आत सून बसता ना. हात गप रवणत नाय."

मी टिचकी मारली. कान लावला. दुसऱ्यावर मारली, तिसऱ्यावर मारली. सगळ्यांचा आवाज अगदी सारखा होता, तरी पहिले दोन मी नापसंत केले. तिसऱ्याचा तुकडा चपटा झाला, पण फाटला नाही. पाइप टेम्पोत चढवताना एक टोक व्याह्यांनी धरलं, दुसरं मी. मग हात पुसून मी केतकीला फोन लावला आणि पाइप मिळाल्याचं सांगितलं.