कडूबाचं मशीन आणि साहेबरावाचं पाणी

कॉम्प्युटर विकत घ्यायचा असेल तर दुकानात जा, आणि जुळवायचा असेल तर कडूबाकडं जा, असं दोन हजार पाच-सहाच्या सुमारास जुन्या जालन्यातली गेमवेडी पोरं एकमेकांना सांगायची. कडूबा मूळचा जाफराबादकडचा. आधीची दोन लेकरं हाती लागली नाहीत म्हणून आईनं याचं नाव असं कडवट ठेवलं, की मरणानं तोंडात घातलंच तर थुंकून तरी टाकावं. शाळेत काही उजेड पडला नाही. ब्याऐंशी-त्र्याऐंशीला चुलत्यानं जालन्यात एका रेडिओवाल्याच्या हाताखाली बसवलं. रेडिओ गेले, टी.व्ही. आले, टी.व्ही.चा धंदा बसला, कॉम्प्युटर आले. दर वेळी कडूबा नव्यानं शिकला. इंग्रजी यायचं ते डब्यावर छापलेलं, तेवढंच. पण डबा असा वाचायचा की जणू पोथी.

तोंडाचा मात्र फटकळ. जाफराबादचा एक कॉलेजवाला एकदा औरंगाबादहून चकचकीत ग्राफिक कार्ड घेऊन आला. पोरगं मदरबोर्डच्या खाचेत ते कार्ड बसवायला बघत होतं, अंगठ्यानं दाबून दाबून.

"दाबू नको रे! ती काय मेथीची जुडी हाय का, पिशवीत कोंबायला?" कडूबा ओरडला. "तुझा बोर्ड जुन्या खाचेचा, कार्ड नव्या खाचेचं. देव खाली आला तरी बसायचं न्हाई. आधी बोर्ड ठरव, मंग त्याला चालंल तो प्रोसेसर, त्याला चालंल ती रॅम, मंग कार्ड. अन् या समद्याला जेवू घालणारा एस.एम.पी.एस. बराबर पाह्यजे. घरात खाणारे धा अन् कमावणारा एक, असं झालं तर चूल पेटंल का?"

करंट पुरवणारा तो डबा कडूबा आधी हातात तोलून बघायचा. हलका लागला की संपलं. "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! वर पाचशे वॅट छापलंय, आत दोनशेचा बी जीव न्हाई," म्हणून गिऱ्हाइकासमोर तो बाजूला फेकायचा. त्यानं जुळवलेलं मशीन बंद पडलं असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. आणि याचा त्याला गर्व होता. असणारच की. माणसाला आयुष्यात एक गोष्ट नीट जमली, तर त्यानं मान ताठ का ठेवू नये?

मग त्याच्या मनानं घेतलं की, आता स्वतःचं एक मशीन करायचं. जालन्यात कुणाकडं नाही असं. दुकानामागंच घर होतं, भाड्याचं. पुढच्या खोलीत मशीन मांडायचं आणि पोरांना तासावर खेळायला द्यायचं. आज बोर्ड आणला, दोन महिन्यांनी प्रोसेसर; कार्डासाठी तर थेट मुंबई गाठली आणि दुकानदाराशी भांडून खोका तिथंच उघडायला लावला. अंगणात खाटेवर बसून एकेक वस्तू दुसरीशी लावून बघायचा. बायको बेबीनंदा, आष्टीकडची, ओट्यावर भाजी निवडत हे सगळं बघत असायची.

"माझ्याशी लगीन करताना इतकं पाह्यलं न्हाई तुम्ही," ती म्हणाली.

"तवा मला वाचता येत नव्हतं," कडूबा म्हणाला. दोघंही हसली.

मशीन उभं राहिलं आणि पोरांची रीघ लागली. बेबीनंदा मशीनला 'सवत' म्हणायची. एक दिवस झाडून काढताना तिचा हात लोखंडी कॅबिनेटला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. "अहो, तुमची लाडकी मला चावून राह्यली!" ती बाहेर येऊन म्हणाली. कडूबाला कारण ठाऊक होतं. घराच्या जुन्या वायरिंगला, गळका करंट जमिनीत सोडणारं अर्थिंगच नव्हतं; भिंतीवरच्या बोर्डाचं तिसरं भोक नुसतं दिखाव्याचं. खरं काम म्हणजे अंगणात खोल खड्डा खणायचा, कोळसा-मीठ घालून तांब्याची पट्टी पुरायची. "पावसाळा होऊ दे, करू," तो म्हणाला. तोवर त्यानं गल्लीत सगळे करायचे तेच केलं. भिंतीवरच्या बोर्डापासून एक हिरवी वायर काढली, भिंतीच्या कडेनं अंगणात नेली आणि नळाच्या लोखंडी पाइपाला घट्ट आवळली. पाइप जमिनीत गेलेला, त्यामुळं अर्थिंग मिळालं. बेबीनंदानं कॅबिनेटवर तळहात ठेवून पाहिला. "मेली एकदाची गप झाली," ती म्हणाली.

आणि मशीनच्या मागं लाइटीचा चढउतार सांभाळणारा स्टॅबिलायझर होता तो जुन्या टी.व्ही.चा. एवढं मशीन त्याला झेपणारं नव्हतं. आत स्क्रूसुद्धा पारखून लावणारा हा माणूस, पण स्टॅबिलायझरचं म्हणाल तर, दुकानात पडलेला होता, लावून दिला. म्हणतात ना, दिव्याखाली अंधार.

आता नळाचं सांगितलं पाहिजे. जालन्यात पाणी आठ-दहा दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी यायचं, आणि यायचं ते करंगळीएवढ्या धारेनं. म्हणून लोकांनी नळाशी खड्डे खणलेले. खड्ड्यात उतरायचं, तळाशी नळ, तिथं हंडा लावायचा. त्यातही ज्याची ऐपत असेल तो लाइनीलाच मोटार लावून पाणी ओढायचा. कडूबाच्या शेजारी साहेबराव राहायचा, बियाण्याच्या गोदामात जन्मभर पोती उचललेला, आता घरी बसलेला म्हातारा. त्यानंही मोटार घेतली होती. मोटार सुरू झाली की कडूबाचा नळ कोरडा, आणि बेबीनंदाचं तोंड सुरू. "पिऊन घ्या भाऊ, अख्खं धरण पिऊन घ्या!" ती भिंतीवरून ओरडायची. साहेबराव खाली मान घालून हसायचा, पण मोटार काही बंद करायचा नाही.

त्या उन्हाळ्यात गल्लीतला लोखंडी पाइप सडून फुटला. तो काढून काळा प्लास्टिकचा पाइप टाकला. प्रत्येक घरापर्यंत प्लास्टिक, आणि खड्ड्यात तेवढं नळाचं वीतभर जुनं लोखंड, सिमेंटात रोवलेलं. कडूबाच्या खड्ड्यात तो जोड करताना पाइपाचं टोक धरलं कुणी? खुद्द कडूबानं! हिरवी वायर त्याच्या बोटांना लागत होती. प्लास्टिकातून करंट जमिनीत जात नाही, हे याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज होती का? पण जोड गळत नाही ना, एवढंच त्यानं पाहिलं, आणि हात धुऊन चहा प्यायला गेला.

पाण्याचा दिवस आला तो लोडशेडिंगच्या वेळी. गल्लीत आनंदीआनंद, कारण लाइट नाही म्हणजे कुणाची मोटार नाही. पाणी आपल्या पायानं सगळ्यांच्या घरी येतं. चारला लाइट यायची. त्याच्या आत पाणी भरून घ्यायचं म्हणून बेबीनंदा लुगड्याचा काचा मारून खड्ड्यात उतरली होती. पुढच्या खोलीत पोरं बंद मशीनभोवती लाइटची वाट बघत बसलेली, आणि कडूबा त्यांच्यात.

"आली!" पोरं एकदम ओरडली. पंखा फिरला. भिंतीपलीकडं साहेबरावाची मोटार घरघरायला लागली. त्याच दमात स्टॅबिलायझरमधून खट्ट आवाज आला, आत काहीतरी भुणभुणलं आणि जळका वास सुटला. कडूबानं धावत जाऊन मेन बटण बंद केलं. वाकून आधी मशीन हुंगलं, कार्डाला हात लावून पाहिला. मशीन वाचलं होतं. मग त्यानं हाक मारली, "बेबी, झालं का गं पाणी?"

विचारत विचारतच तो अंगणात गेला. बेबीनंदा खड्ड्यात दुमडून पडली होती, एक हात नळाच्या तोटीशी, आणि कलंडलेल्या हंड्यातलं पाणी तिच्या मांडीवरून वाहत होतं.

अरे देवा! किंकाळी तरी फुटायची की तिची. तेवढंही झालं नाही.

गल्ली जमा झाली. पलीकडून मोटारीची घरघर चालूच होती, आणि कुणीतरी म्हणालं, "मोटारीचा करंट उतरला नळात!" एकानं म्हटलं की दहांनी म्हटलं. साहेबरावानं घरात पळत जाऊन मोटार बंद केली, परत आला आणि खड्ड्यातली बाई बघून जागच्या जागी बसला. संध्याकाळच्या आत बेबीनंदाचा भाऊ काकासाहेब आष्टीहून आला, तो थेट साहेबरावाच्या अंगावर धावून गेला. म्हाताऱ्यानं एक हात वर केला नाही. "मारा, मलाच मारा," म्हणत मार खात राहिला. मोटारीचा करंट उतरला असं सगळ्यांनी सांगितलं, पोलिसांनीही तेच लिहून घेतलं, अपघात म्हणून.

कडूबाला कधी कळलं? दवाखान्यात न्यायला तिला जीपमध्ये ठेवतानाच. साहेबरावाच्या आणि याच्या नळाच्या मध्ये सगळं प्लास्टिक होतं. मोटारीचा करंट इकडं येणार कसा? जळका स्टॅबिलायझर, त्याचं लोखंडी अंग, तिथून हिरवी वायर, आणि वायरीचं दुसरं टोक तिच्या हाताशी. भार झेपत नसलेली वस्तू आपणच लावलेली, आणि वायरही आपणच बांधलेली. त्याच्या डोक्यात सगळं खटाखट जुळलं. सवयच होती ना डोक्याला.

दवाखान्यात चिरफाड व्हायची होती. तिच्या अंगावर घालायला कोरं लुगडं आण, म्हणून बायकांनी त्याला घरी पाठवलं. घरात कुणी नव्हतं. त्यानं पेटीतून लुगडं काढलं, काखेत धरलं, पक्कड घेतली आणि ती वायर नळापासून बोर्डापर्यंत सोडवून, गुंडाळून, पिशवीत घातली. स्टॅबिलायझर दुसऱ्या आठवड्यात भंगारात गेला. का केलं असं? भ्याला, दुसरं काय! मेव्हण्याला भ्याला, मंठ्याला दिलेल्या लेकीच्या डोळ्यांना भ्याला, आणि 'कडूबा जुळवून देतो' या आपल्या नावालाही भ्याला.

मशीन त्यानं मोडलं. बोर्ड एकाला, कार्ड दुसऱ्याला, रॅम तिसऱ्याला, पुन्हा एकत्र येणार नाही असं विकलं.

इकडं साहेबरावानं गल्लीत सगळ्यांदेखत मोटारीवर पहार घातली. पुढच्या पाण्याच्या दिवशी कडूबा दार उघडून बघतो, तर म्हातारा डोक्यावर हंडा घेऊन उभा. आपल्या नळाचं पाणी भरून, वाकत वाकत येऊन, त्यानं कडूबाचा रांजण भरला. त्याच्या पुढच्या पाण्याला तेच. पावसाळा गेला, थंडी आली, साहेबरावाचा नेम चुकला नाही. आधी कडूबाचा रांजण, मग स्वतःच्या घरचं. आणि कडूबा ते पाणी प्यायचा. पिणार नाही तर जाईल कुठं?

एक दिवस साहेबरावाची बायको मालनबाई दुकानात आली. "भाऊ, तेन्ला झोप न्हाई. अन्नावर वासना न्हाई. बाईमाणूस मारलं म्हन्त्यात अन् भिंतीकडं बघत बसत्यात. तुम्ही येकदा तोंडानं म्हणा, माफ केलं. तुमचं ऐकतील." कडूबा तिच्यामागं गेला. तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण म्हातारा त्याला बघून उठून उभा राहिला, हात जोडले, आणि कडूबाच्या तोंडातून निघालं, "भाऊ, माफ केलं." साहेबराव लहान लेकरासारखा रडला. कडूबाच्या पायावर डोकं ठेवलं. ज्यानं माफी मागायची तो माफी देऊन घरी आला! त्या दिवसापासून कडूबाला भाकर गोड लागली नाही.

म्हाताऱ्याची खेप काही थांबली नाही. उलट त्याला आता हंडा पेलवेना, तरी यायचा. उन्हाळा तोंडावर होता. एका सकाळी तो पायरीला अडखळला, अर्धा हंडा अंगावर सांडला, आणि उरलेलं पाणी घेऊन तसाच ओला आत आला. कडूबाला राहवलं नाही.

"ठिवा खाली तो हंडा. भाऊ, तुमच्या मोटारीनं न्हाई मेली ती. मधी समदा प्लास्टिकचा पाइप व्हता, तुमचा करंट इकडं येतच न्हाई. माझी वायर व्हती नळाला. माझ्या मशीनची. मी मारलं तिला."

साहेबरावानं हंडा खाली ठेवला नाही. "कुठंय वायर?"

"काढली मी."

"कधी?"

"त्याच दिशी. लुगडं न्यायला आल्तो तवा."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"कडूबा, माणसाची बायको तिकडं फाडायला ठिवलेली असताना कुणी वायर काढत बसंल का रे? माझं ओझं कमी करायला इतकं खोटं नको बोलू, बाबा. माफ केलंस, तेच लई झालं. तुझं मन लई मोठं हाय."

असं म्हणून त्यानं रांजणाचं झाकण सरकवलं, होतं तेवढं पाणी ओतलं आणि दुसरी खेप आणायला गेला.