पार्बताबाईने वाटलेला गूळ

अमरावतीत कापसाच्या बाजारामागे एका शेटचं सदावर्त होतं आणि तिथली नावं मी लिहीत असे. शिधा कोणाला द्यायचा हे शेट ठरवतात, असं लोक म्हणत. शेट कधी ओटीवर आले नाहीत. ठरवायचे वहिवाटदार भगवंतराव आणि खोडायचो मी, मोरोपंत. म्हणून पार्बताबाईची गोष्ट मीच सांगावी हा निर्लज्जपणा आहे, पण दुसरं कोणी सांगेल असं दिसत नाही.

ती वलगावची. नवरा नत्थुजी गाडीवान. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना आमचा कापूस हवासा झाला आणि वऱ्हाडात पैशाचा नुसता पूर आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घातल्या. जो तो कापूस पेरू लागला, तशी ज्वारी महागली. त्या पुरात काही माणसं बुडाली, त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. उतारावर नत्थुजीची गाडी कलंडली, कापसाची गासडी कमरेवर आली आणि तो कायमचा चटईवर पडला. पार्बताबाई चरकीवर सरकी काढायला जाऊ लागली. चार महिन्यांत तिच्या उजव्या हाताची तीन बोटं चरकीत गेली. मग ती आमच्या रांगेत आली.

दर सोमवारी शिधा घालण्याआधी मी प्रत्येकाला तीच विचारणा करायचो. हात चालतात का? घरात कमावता कोणी आहे का? बाहेरून काही आलं का? तिन्हींना ‘नाही’ म्हणेल त्यालाच ज्वारी, घरातली माणसं मोजून. पार्बताबाई दोन वर्षं ‘नाई, पंत’ म्हणाली. दर वेळी खाली बघून. इतर बाया पदर पसरून आशीर्वाद देत, ही मुकाट्याने टोपलं पुढे करी. मला तिचा थोडा रागच यायचा. घेते आणि वर ताठा, असं मनात येई. आता स्वतःचाच येतो.

बाजारात कडुनिंबाखाली सूर्यभान नावाचा माणूस आकडा लावून घेई. मुंबईहून कापसाचा भाव आला की त्याचा शेवटचा आकडा ज्याने सांगितला असेल, त्याला लावल्याच्या नऊपट. हमाल खेळत, सावकार खेळत, आमच्या सदावर्ताचा स्वयंपाकीसुद्धा खेळे. चांदूर बाजारच्या हाडवैद्याने सांगितलं होतं, कंबर पुन्हा बसवता येईल, पण पंधरा रुपये पडतील. पार्बताबाईने पायातली जोडवी काढून सूर्यभानसमोर ठेवली आणि सात म्हणाली. गाडी कलंडली त्या दिवशी काफिल्यात त्यांची गाडी सातवी होती. ‘जिथं गेलं तिथूनच परत येईल,’ असं तिला वाटलं म्हणे. दुसऱ्या दिवशी भाव आला, शेवटी सात.

सूर्यभानने जोडव्यांची किंमत दोन रुपये धरली आणि अठरा रुपये आठवडी बाजाराच्या दिवशी न्यायला सांगितले. आमच्याकडे एक रीत होती. जिंकलेला पैसा हातात घेण्याआधी गूळ वाटायचा. न वाटता उचलला तर तो पैसा घरात टिकत नाही. पार्बताबाईने वाण्याकडून उधारीवर ढेप आणली आणि सोमवारी आमच्याच रांगेत प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवत आली. दोन वर्षं फक्त घेणारा तो तुटक्या बोटांचा हात त्या दिवशी देत होता. तिचा चेहरा मी कधी वर झालेला पाहिला नव्हता. तो वर होता.

‘घ्या पंत, तुमी बी घ्या.’

मी घेतला, खाल्ला. मग म्हणालो, ‘पार्बताबाई, बाहेरून काही आलं का?’

‘येऊन राहिलं!’ ती हसली. ‘खोडा मायं नाव. माया वाटा त्या माणिकबाईले द्या. तिचं लेकरू लहान हाये.’

माणिकबाई तिची शेजारीण, त्याच रांगेत उभी होती. मी लेखणी बुडवली आणि नाव खोडलं. इतक्या सुखाने नाव खोडून घेतलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

बाजाराचा दिवस यायच्या आत मुंबईची खबर आली. अमेरिकेतली लढाई संपली. कापूस असा कोसळला की बाजारात गासड्या बेवारशासारख्या पडून राहिल्या. तो सन १८६५चा वैशाख होता. कडुनिंबाखालची जागा रिकामी झाली. सूर्यभान कोणाचेच पैसे न देता अकोल्याकडे पळाला, असं हमाल सांगत होते.

पुढच्या सोमवारी पार्बताबाई रांगेत परत आली. माझ्या वहीत आता तिचं नाव नव्हतं, म्हणून मी तिला भगवंतरावांपुढे नेलं.

‘पैसे नाई भेटले, मालक,’ ती म्हणाली. ‘एक कवडी नाई भेटली.’

‘मग गूळ कशाला वाटला?’ भगवंतराव म्हणाले. ‘सगळ्या रांगेने खाल्ला. पंतांनी खाल्ला. पैसे न मिळता कोणी गूळ वाटतं का?’

‘आधीच वाटा लागते ना! तुमाले बी ठाऊक हाये.’

‘मला ठाऊक आहे की आज तू पैसे पुरून येशील आणि उद्या शंभर जण तुझ्यामागे येतील. सूर्यभानाकडून साक्ष आण, पैसे दिले नाहीत म्हणून. तो सांगेल तर नाव घालू.’

भगवंतराव वाईट माणूस नव्हते. ज्वारी कमी होती, तोंडं जास्त होती आणि कोणाला तरी नाही म्हणायचंच होतं. मी बोलायला हवं होतं, वाटण्याच्या वेळी तिच्या पदरात पैसा नव्हता हे मला माहीत होतं. पण माझीही नोकरी होती. घरून शेरभर ज्वारी मी एकदा गुपचूप दिली आणि त्यावर आठवडाभर स्वतःला चांगला माणूस समजलो.

वैशाखाच्या उन्हात ती चालत अकोल्याला गेली. नत्थुजीला माणिकबाईने सांभाळलं, म्हणजे स्वतःच्या शिध्यातली पेज पाजली. पार्बताबाईला तिकडे सूर्यभान सापडला, तो एका देवळापुढे अन्नाच्या रांगेत. दाढी वाढलेली, नाव दुसरंच सांगितलेलं.

‘हाक मारू नको माय,’ तो तिला म्हणाला. ‘आकडेवाला म्हणून कळलं तर मले बी हाकलतील. दोन दिवसांनी आज खाऊन राहिलो.’

‘चाल मंग अमरावतीले. एवढं सांग, दिले नाई म्हणून.’

‘तिथं आलो तर लोक जीव घेतील माया.’

ती रडली, त्याच्या पाया पडली. त्याने कमरेच्या चिंधीतून तिची जोडवी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. एवढी एकच वस्तू त्याने विकली नव्हती. का, ते त्यालाच ठाऊक. जोडवी म्हणजे साक्षच, असं समजून ती पायांत घालून परत आली. विकून खाल्ली का नाहीत, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, ‘पुराव्याले हातच नाई लावला, पंत.’

भगवंतरावांनी तिच्या पायांकडे पाहिलं.

‘लावलेली वस्तू परत कधी मिळते, बाई? जिंकल्यावर. पैशांबरोबर. म्हणजे तुझा हिशेब चुकता झाला.’

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

ती बाजारात उरलंसुरलं वेचू लागली. जोडवी आता विकायला काढली, तर पडत्या बाजारात चांदीला गिऱ्हाईक नव्हतं, वाण्याने ती गुळाच्या उधारीतच ठेवून घेतली. माणिकबाईचं लेकरू आजारी पडलं आणि तिकडची पेज बंद झाली. नत्थुजी माझ्यापेक्षा शहाणा निघाला. त्याने खाणंच सोडलं. ‘तू खाय, तुले हिंडा लागते,’ म्हणायचा. ज्येष्ठात तो गेला.

तेराव्यानंतरच्या सोमवारी ती रांगेत उभी होती. कपाळ पांढरं, पाय उघडे. भगवंतरावांनी ओटीवरूनच मान हलवली. निराधार विधवेला शिधा द्यायचा, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. पण जीभ सवयीची गुलाम. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘घरात कमावता कोणी आहे का?’

पार्बताबाईने या वेळी खाली बघितलं नाही.

‘घरात कोणीच नाई, पंत,’ ती म्हणाली. ‘आता बसलं ना तुमच्या कायद्यात?’

मी तिचं नाव पुन्हा लिहिलं आणि एका माणसाची ज्वारी तिच्या टोपल्यात घातली.