इटलीचा सिनेमा, मध्यंतरापर्यंत

बायको गेली, तिलाही मी हे सांगितलं नाही. इतकी वर्षं कुणालाच नाही. आता तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच माहीत नाही.

नौपाड्यात चहाच्या हॉटेलात आमचा सिनेमावेड्यांचा अड्डा जमायचा. मी जेमतेम चौथी शिकलेलो. पण मुंबईला जाऊन परदेशी सिनेमे बघणारा त्यांच्यात मी एकटा. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नसत, माणसांची तोंडं वाचायचो. मी ‘बघा’ म्हटलं की मंडळी तिकीट काढायची. त्याचा मला केवढा माज होता, काय सांगू?

एकदा इटलीचा सिनेमा लागलेला. एक पोर, त्याची बकरी, गावभर नुसता धिंगाणा. हसून पोट दुखलं. दिवे लागले, लोक उठले, मीही उठून घरी आलो. परदेशी सिनेमे आखूड असतात, हे मीच सगळ्यांना सांगायचो — मग ते मध्यंतर असेल, हे माझ्या डोक्यात यावं कसं?

आमच्यातल्या वसंताचा मुलगा खाडीत बुडून वर्ष झालेलं. वसंताची बायको सुमन तेव्हापासून हसली नव्हती. मी त्याला एकट्याला बाजूला घेऊन म्हटलं, “वहिनीला घेऊन जा रे. हसेल ती.”

तो घेऊन गेला.

पुढच्या अर्ध्यात ते पोर नदीत बुडतं. सुमन अंधारातच किंचाळत उठली, रस्त्यावर धावत सुटली. वसंतानं हे हॉटेलात सगळ्यांसमोर सांगितलं, आणि शांतपणे विचारलं, “बाबू, तू शेवटपर्यंत पाहिलाच नव्हतास ना?”

‘नव्हता’ — एवढंच म्हणायचं होतं. त्यानं शब्दसुद्धा तयार करून दिलेला. आणि माझ्या तोंडून — अजून मलाच खरं वाटत नाही — निघालं, “पाहिलेला. तुला बजावलेलं, वहिनीला नेऊ नकोस. तूच ऐकलं नाहीस.”

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, “अरे, माणूस आहेस की कोण?” मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. तो हळूच म्हणाला, “सांगितलं असशील. माझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं.”

स्वतःच्या कानांपेक्षा त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला.

गोष्ट सुमनपर्यंत गेलीच. नवऱ्यानं जाणूनबुजून आपल्याला तिथं बसवलं, हे तिच्या मनानं घेतलं. ती खडवलीला माहेरी निघून गेली. वसंता तिला आणायला निघाला, तेव्हा मला म्हणाला, “चल रे सोबत.” मी गेलो.

ती दारातच उभी राहिली. नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, “भाऊजी, खरं सांगा. तुम्ही बजावलं होतंत ना यांना?”

मी ‘हो’ म्हणालो.