गोड्या पाण्याची पिचकारी

एका यंत्राचा अवयव काढून दुसऱ्याला बसवल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही, असा माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात एकच असेल, आणि माझ्या नशिबाचे भोग बघा, तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान वेवजीला राहतात, भातशेती करतात आणि शेतीतून उसंत मिळाली की अच्छाडला हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकची वायरिंग दुरुस्त करतात. त्यांच्या बैलगाडीला इंडिकेटर आहेत. देव्हाऱ्याचं दार उघडलं की मोटारीतल्यासारखा आपोआप दिवा लागतो. आणि दारावरच्या घंटीच्या जागी ट्रकचा हॉर्न आहे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी भाबडेपणानं ते बटण दाबलं, तर गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली आणि माझा पाहुणचार राहिला बाजूला, सगळं घर म्हशीच्या मागे. "ताई, तुम्ही हे सहन कसं करता?" असं मी एकदा मेहुणीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, दारू पीत नाहीत ना? मग वाजवू देत हॉर्न!"

आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघेही जावई मामा म्हणतो, त्यांचा जन्म डहाणूच्या खाडीत होडी घालण्यात गेला. २०१६ साली त्यांचा एक डोळा गेला. दुसरा डॉक्टरांनी कसाबसा राखला, पण तोही किती दिवस साथ देईल हे त्यांना सांगवेना. वर ताकीद दिली, की या डोळ्याला खारं पाणी लागता कामा नये. झालं, मामा ओट्यावर समुद्राकडे पाठ करून बसायला लागले. जेवण निम्म्यावर आलं. एके दिवशी सगळे जमलेले असताना म्हणाले, "डोळा आहे तोवर एकदा समुद्रातनं डहाणू बघायचंय. आणि पुढं बसून. मागं बसवणार असाल तर नकोच." मी गॉगल सुचवला. "त्याच्यावर पाणी उडालं की पुसत बसू, का बघू?" म्हणाले. आम्ही सगळे 'बघू, बघू' करत चहा पीत राहिलो. साडूभाऊ एकटे उठून उभे राहिले. "मी नेतो मामा. डोळ्याला थेंब लागू देणार नाही."

मामांनी त्यांना उरल्या डोळ्यानं आपादमस्तक न्याहाळलं. "वेवजीवाले, तुमचा समुद्राशी संबंध सुक्या बोंबलापुरता!"

पण साडूभाऊंच्या अंगात एकदा आलं की आलं. आठवड्याभरात त्यांनी एक जुनी फायबरची छोटी होडी इंजिनासकट घेतली आणि टेम्पोत घालून अच्छाडला नेली. समुद्र डहाणूला आणि होडी हायवेला! ट्रकवाले चहा पिता पिता तिच्याभोवती फेऱ्या मारायचे. एका पंजाबी ड्रायव्हरनं तर गंभीरपणे विचारलं, "भाईसाब, ये ॲव्हरेज क्या देती है?" साडूभाऊंनी भंगारातल्या टेम्पोची काच काढून होडीच्या तोंडाशी बसवली, तिला वायपर लावला, आणि मग खरं दुखणं समजलं. खारं पाणी काचेवर वाळलं की वायपर ते पुसत नाही, सारवतो. मामांसमोर काच असून भिंत असल्यासारखंच. तेव्हा काच धुवायला पिचकारी हवी, हे ओघानंच आलं.

इथं या महापुरुषानं घोटाळा केला. समुद्रात पाण्याला काय तोटा, असं म्हणून त्यांनी नळी होडीखालून घेतली, म्हणजे खारं पाणी खाऱ्या पाण्यानंच धुवायचं! आता अच्छाडला समुद्र नाही, तर चाचणीसाठी त्यांनी तो तयार केला. निळ्या पिंपात पाणी भरलं, ताईंच्या स्वयंपाकघरातलं सगळं मीठ त्यात ओतलं (त्या दिवशी घरात आमटी अळणी होती आणि ताई तिखट होत्या), आणि तयार झालेला समुद्र बाटलीत भरून थेट डहाणूला मामांच्या पुढ्यात ठेवला. "चाखून सांगा, बरोबर छे?" त्यांनी सीमेवरच्या गुजराती वळणानं विचारलं. मामांनी बोट बुडवून जिभेला लावलं, डोळा मिटला. "खारट आहे. पण आपलं नाही. आपल्या खाडीच्या पाण्याला चिखलाची चव असते." हा माणूस दुसऱ्या दिवशी पिंपात चिखल घालत होता! आणि मामा? त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्यांनी पुन्हा भात मागून घेतला, असं सासूबाईंनी सांगितलं.

उन्हात काच पांढरीफटक पडली तेव्हा साडूभाऊंनी कपाळावर हात मारला, नळी काढून टाकली आणि तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये गोडं पाणी भरलं. मग प्रश्न आला वाऱ्याचा. होडी पळताना पिचकारी कुठं उडते ते बघायला त्यांनी होडी टेम्पोवर बांधली, तिच्यात मला बसवलं आणि अच्छाडहून तलासरीच्या दिशेनं भर दुपारी टेम्पो सोडला. "शेठ, तुम्ही फक्त मामांच्या जागी बसायचं." डहाणूला माझं वह्या-पेन्सिलींचं दुकान आहे, चार लोक मला ओळखतात. ते चारही जण त्या दिवशी हायवेवर होते. मी होडीत ताठ बसून त्यांना नमस्कार करत चाललो असताना बटण दाबलं गेलं, पाणी काचेवरून उडून सरळ माझ्या डोळ्यांत आलं आणि उरलेलं मागच्या मोटारसायकलवाल्याला गेलं. त्याच्या शिव्या मी एकट्यानं खाल्ल्या. साडूभाऊ मात्र हसले नाहीत. माझे डोळे रुमालानं टिपत म्हणाले, "हे मामांचे असते तर?" आणि त्याच संध्याकाळी पिचकाऱ्या काचेच्या वरच्या कडेला गेल्या, तोंड खाली करून.

हिवाळ्यातल्या एका शांत सकाळी मामा होडीत पुढं बसले. साडूभाऊ मागं इंजिनाचा दांडा धरून, मध्ये मी, देवाचं नाव घेत. खाडीतून बाहेर समुद्रात आलो, किनाऱ्याकडे वळलो, तशी पहिली लाट काचेवर आपटली आणि समोरचं सगळं पुसून गेलं. "गेलं," मामा म्हणाले. मागून आवाज आला, "उजव्या हाताला बटण आहे मामा, दाबा." मामांनी दाबलं. काही नाही! मी मागं पाहिलं, साडूभाऊंचा चेहरा काळवंडला होता. मामांनी पुन्हा दाबलं आणि घुर्रकन मोटर फिरली, वरून धार आली, वायपर एकदा गेला, एकदा आला, आणि समोर डहाणू! सुरूची रांग, धक्का, दीपस्तंभ, वीजकेंद्राचं उंच धुरांडं, सगळं जागच्या जागी. मामा काचेजवळ सरकले. मग त्यांनी काच स्वच्छ असतानाही बटण दाबलं. मग परत दाबलं. कॅन संपला तेव्हा साडूभाऊंनी आमच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या त्यात ओतल्या. माझ्या घशाला कोरड पडली होती, पण बोलायची छाती झाली नाही.

दोन वर्षांनी तो डोळाही गेला. आता हा खटाटोप संपला, असं मी धरून चाललो होतो. पण थंडी पडली आणि साडूभाऊ डहाणूला हजर, हातात वेवजीच्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला कॅन. मी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "साडूभाऊ, आता काच कशाला धुवायची?" ज्या माणसाकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर आणि प्रत्येक उत्तराला एक वायर असते, त्या माणसानं कॅन खाली ठेवून त्याचं झाकण आणखी घट्ट केलं. कॅन मीच उचलून होडीत ठेवला.

मामा पुढं बसले. बाहेर पडल्यावर काचेवर पाणी आपटल्याचा आवाज झाला तसा त्यांचा हात बरोबर बटणावर गेला. धार आली, वायपर फिरला. मामा पुढं वाकले, हात लांब केला आणि म्हणाले, "वेवजीवाले, ती बघा आपली बत्ती." त्यांच्या बोटासमोर नुसतं पाणी होतं, दीपस्तंभ पार डावीकडे राहिला होता. साडूभाऊंनी इंजिनाचा दांडा हळूच वळवला, होडीचं नाक फिरत गेलं, फिरत गेलं, आणि दीपस्तंभ मामांच्या बोटासमोर येऊन उभा राहिला.

"बरोबर मामा," ते म्हणाले. "तीच."