थोरल्या जावेची खुर्ची

आमच्या कोल्हापूरच्या माणसाला "बरं हाय न्हवं?" विचारा, घराला आग लागलेली असली तरी "एकदम निवांत!" म्हणणार. असल्या गावात मी मानसोपचाराचं दुकान मांडलंय. आलेला माणूस आधी उसावर बोलतो, मग माझं माहेर कुठलं ते विचारतो आणि निघताना चपलेत पाय घालता घालता म्हणतो, "मॅडम, जगावंसं वाटत न्हाय बघा." डोकं फिरतं माझं! अहो, हे आधी सांगायला काय झालं होतं?

कसबा बावड्याहून आलेल्या त्या मावशी मात्र बोलतच नव्हत्या. सुनेनं हाताला धरून आणलेलं. दोन महिने त्यांच्या नरड्याखाली घास उतरत नव्हता. दुर्बीण घालून बघितलं, घशात काही नाही. पाणीसुद्धा चमच्यानं पाजायचं. पोटात नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सून म्हणाली, "थोरल्या आत्ती वारल्या तवापासनं असं हाय. ह्या रडल्या बी न्हाईत."

थोरली म्हणजे मावशींची मोठी जाऊ, त्यांची आक्का. पुढच्या काही भेटींत तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. लग्न होऊन आल्यापासून दोघी एका ताटात जेवायच्या. मग एका लग्नात आहेराच्या साडीवरून वाजलं, ते असं वाजलं की बोलणं बंद. घरांमध्ये एकच भिंत. थोरली आजारी पडली, तिचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा. आणि एका सकाळी तो थांबला.

हे सगळं मावशींनी कोरड्या डोळ्यांनी सांगितलं, शेजारणीची गोष्ट सांगावी तसं.

मग मी समोर रिकामी खुर्ची ठेवली. आमच्या कामातली ही नेहमीची रीत. गेलेलं माणूस समोर बसलंय असं समजायचं आणि मनातलं त्याला सांगायचं. म्हटलं, "मावशी, आक्का इथं बसल्यात. बोला त्यांच्याशी."

मावशी ताडकन उठल्या. मला वाटलं, झालं, निघाल्या! पण त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि सरळ फरशीवर मांडी घातली.

"मावशी, खाली कशाला? वर बसा की."

"थोरली बसलीया न्हवं समोर? तिच्या बरुबरीनं कसं बसू?" माझ्याकडं त्यांनी असं बघितलं, जणू माझ्यावर काही संस्कारच झाले नाहीत. वर म्हणाल्या, "आणि आल्या माणसाला पाणी न्हाई इचारलं तुमी."

मी गप उठून पेला भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी खुर्चीसमोर ठेवला.

"आक्का, पाणी घ्या," म्हणाल्या आणि मग एकदम आवाज चढला. "एवढी आजारी पडलीस, भिंतीवर एक थाप मारायची न्हाईस? मी आलो असतो की! पेज घिऊन दारापतूर आलतो. तू हाक मारशील म्हणून हुबा ऱ्हायलो. मारली न्हाईस. भाडखाऊ, साडीसाठनं जीव सोडलास व्हय गं?"

अहो-जाहो कधीच गळून पडलं होतं. शिव्या संपल्या आणि त्यांनी हेल काढला. मयताच्या दारात बायका काढतात तसा, मोठ्यानं, आक्काचं एकेक आठवून. तिनं घातलेली वेणी, बाळंतपणात केलेला शेक, एका ताटातली भाकरी. शेजारच्या दातांच्या दवाखान्यातले पेशंट दारात जमले. सून आत धावत आली, तिला मी हातानंच थांबवलं. एवढी वर्षं मी ह्या खोलीत बसते, पण एवढं मोठं काही इथं घडताना बघितलं नव्हतं. मी काय केलं होतं? एक खुर्ची सरकवली होती. बाकी सगळं त्या बाईनं स्वतः केलं, पदर घेऊन, पाणी ठेवून, आपल्या रीतीनं.

हळूहळू हेल ओसरला. मावशींनी पदरानं तोंड पुसलं. खुर्चीसमोरचा पेला उचलला.

"थांबा, दुसरं आणते," मी म्हटलं. चमचाही शोधायला लागले.

"ऱ्हाऊ द्या. तिचं उष्टं मला चालतंय."

आणि घटाघटा प्यायल्या. सून तोंडावर हात ठेवून बघत होती. मावशींनी रिकामा पेला माझ्यापुढं धरला.

"आणि वाईच द्या की, मॅडम."