जड पाण्याची वैरीण

अख्ख्या मुंबईत पाण्यावर माझ्या आत्याइतका संशय घेणारं दुसरं माणूस सापडणार नाही. बाकीचे लोक पाणी पितात, त्याने आंघोळ करतात, फार तर ते वेळेवर आलं नाही म्हणून नगरसेवकाच्या नावाने बोटं मोडतात. आत्या पाण्याची चौकशी करते. कुठून आलंस, वाटेत कोणाकोणाला भेटलंस, येताना काय उचलून आणलंस? तिच्या पर्समध्ये कंगवा नसतो, पण दोन बाटल्या असतात. एकीतले दोन थेंब आणि दुसरीतली चिमूटभर पूड घातली, की क्षारांनी भरलेलं जड पाणी लालसर जांभळं होतं आणि मऊ पाणी निळं. आमच्या घरात निळ्या रंगाची थोरवी कोणाला सांगावी लागत नाही. पण आत्याचं त्या रंगावरचं प्रेम वेगळं. पेल्यात निळाई उतरली की तिचे खांदे खाली येतात, आणि मगच ती समोरच्याला ‘बस’ म्हणते.

गोवंडीत शाळांसाठी खिचडी शिजवणारं एक मोठं स्वयंपाकघर आहे. तिथे सगळं वाफेवर शिजतं, आणि ती वाफ करणारा बॉयलर गेली बारा वर्षं आत्याच्या ताब्यात आहे. त्यासाठी परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ती अर्ज द्यायला गेली तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला होता, “अर्जदार स्वतः यायला पाहिजे. मिस्टरांना पाठवा.” आत्या म्हणाली, “मिस्टरांना गॅसची शेगडी पेटवता येत नाही. बॉयलर कुठून पेटवणार?” माझं लहानपण बाबांच्या चळवळीच्या पत्रकांना घड्या घालण्यात गेलं, आमच्या घरात ताटांपेक्षा पत्रकं जास्त होती. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर मी पहिलं पत्रक आत्यावरच लिहिलं. ती वाचून म्हणाली, “बाई असून बॉयलर चालवते, असं नको लिहूस. पाणी चांगलं ठेवते, असं लिही.” मी पाण्याचा एक परिच्छेद घातला. बाबांनी तेवढाच कापला. म्हणाले, “ह्याने लोक पेटत नाहीत.” आत्या त्यांच्याशी पंधरा दिवस बोलली नाही.

नातेवाईक तिला घरी बोलवायला घाबरतात. माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरवायला आम्ही कांदिवलीला गेलो होतो. मुलाकडची मंडळी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, आणि आत्या थेट त्यांच्या स्वयंपाकघरात. तिने विजेवरची किटली उघडली, आत बोट फिरवलं आणि पांढरं झालेलं बोट सगळ्यांसमोर धरलं. मुलाची आई कानकोंडी झाली. आत्या म्हणाली, “माणसं चांगली आहात, पण पाणी बोअरवेलचं आहे. हा थर वाढला की विजेचं बिल वाढतं आणि मग घरात भांडणं होतात. लिंबूसत्त्व घालून महिन्यातून एकदा उकळत जा.” लग्न झालं. आहेर म्हणून आत्याने किलोभर लिंबूसत्त्व दिलं, वर रिबीन बांधून. बहीण अजून सांगते, आलेल्या सगळ्या आहेरांत तेवढंच काय ते कामाला आलं.

पाणी नुसतं मऊ असून तिला चालत नाही. स्वयंपाकघराच्या व्यवस्थापकांनी एकदा थेट शुद्ध पाण्याचं महागडं यंत्र घ्यायचा विचार मांडला. आत्या म्हणाली, “साहेब, फार सोवळं पाणीही वाईट. त्याच्यात काहीच नसतं, म्हणून ते लोखंड खायला लागतं.” मग हवेचं सांगितलं. पाण्यात विरघळलेली हवाही लोखंडाला खड्डे पाडते, म्हणून ते आधी तापवून हवा घालवायची आणि मगच बॉयलरमध्ये सोडायचं. व्यवस्थापकांनी यंत्राचा कागद खिशात परत ठेवला. तसंच ब्लोडाऊनचं. बॉयलरच्या तळाशी गाळ साचतो, तो रोज थोडा जोरात बाहेर सोडायचा असतो. आत्याने हा नियम संसारालाही लावला. रोज संध्याकाळी सात वाजता ती गॅलरीत उभी राहून दोन मिनिटं सर्वांना शिव्या घालते: नवऱ्याला, सरकारला, वरच्या मजल्यावरच्या गळक्या पाइपाला. मग आत येऊन शांतपणे भाजी चिरते. म्हणते, “रोज थोडं सोडावं. साठवलं की नळी जाते.” काका त्या वेळी मुद्दाम गॅलरीजवळ बसतात. आपला नंबर आला नाही, तर त्यांना चुकल्यासारखं वाटतं.

तिच्या शोकेसमध्ये बाहुल्यांच्या रांगेत लोखंडी नळीचा एक कापलेला तुकडा आहे. त्यावर बाहेरून बोटभर जाडीचा पांढरा-करडा थर आहे, आणि झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्यात वलयं आहेत. आत्या ती वाचून दाखवते. “हा पातळ पट्टा बघ, तेव्हा नवीन मॅनेजर आला होता. हा जाड, तेव्हा मीठ बंद केलं.” तरुणपणी ती घाटकोपरच्या एका कपडे रंगवायच्या कारखान्यात मदतनीस होती. ही नळी तिथली. थरामुळे नळीची उष्णता पाण्यात जाईना, नळी लाल झाली, फुगली, फाटली. आत्याला बॉयलर शिकवणारा माणूस समोर उभा होता. त्याचे डोळे गेले. आणि रोजच्या वहीत, पाण्याच्या जडपणाच्या रकान्यात, महिनोन्‌महिने सुबक अक्षरात शून्य लिहिलेलं होतं. हे सांगताना आत्याचा आवाज चढत नाही. तुकडा पुसते आणि बाहुल्यांमध्ये परत ठेवते.

मिठाचं सांगायचं राहिलं. पाणी मऊ करणाऱ्या टाकीत बारीक मण्यांचा थर असतो. ते मणी पाण्यातले क्षार धरून ठेवतात, आणि भरून गेले की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. म्हणून आत्याला खडे मीठ लागतं, गोणीने. मुख्य स्वयंपाकीण मालवणची; तिला सगळे वैनी म्हणतात. तिचं आणि आत्याचं ह्यावरून कायमचं वाकडं. वैनी म्हणायची, “माझ्या खिचडेक मीठ मोजून, आणि तुझ्या मशिनीक गोणीभर व्हया? मशिनीची जीभ तरी मोठी हा गो!” आत्या म्हणायची, “तुमचं पाकिटातलं बारीक मीठ मी माझ्या टाकीत मेले तरी घालणार नाही.” त्या मिठाला गोळे न होण्यासाठी काहीतरी लावलेलं असतं, ते आत्याच्या तत्त्वात बसत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पाणीकपात लागली आणि स्वयंपाकघरात टँकर येऊ लागले. पाणी कुठल्याशा बोअरवेलचं, इतकं जड की मणी दोन दिवसांऐवजी अर्ध्या दिवसात थकायचे. मिठाची गोणी नेहमीपेक्षा आठवडाभर आधीच संपली. आत्याने मागणी दिली, ती कागदावरच राहिली. त्या सकाळी ती चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला मी गेले, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. तिने चष्मा लावला, पेला उजेडात धरला. लालसर जांभळा.

“आज पेटवणार नाही,” आत्या म्हणाली.

व्यवस्थापक धावत आले. “ताई, शाळांची खिचडी आहे. पोरं उपाशी राहतील. एका दिवसाने काय होतंय? वहीत शून्य लिहा आणि बटण दाबा ना!”

“एका दिवसानेच सुरू होतं साहेब. मीठ आणा, तासाभरात पेटवते.”

“दुकान उघडायला अजून वेळ आहे, आणि खरेदीला वरची सही लागते.” मग त्यांचा आवाज बदलला. “कंत्राटदाराचा माणूस तयार बसलाय, प्रमाणपत्रवाला. उद्यापासून त्याला बोलवू का?”

माझं डोकं सणकलं. मी बॅगेतून वही काढली आणि उभ्या उभ्या लिहायला लागले: बंधू-भगिनींनो, मुलांच्या भुकेची भीती घालून कामगाराला खोटं लिहायला लावणाऱ्या... आत्याचा चेहरा पडला होता, ते मी त्या घाईत पाहिलंच नाही. ती भिंतीला टेकून भिजवलेल्या डाळ-तांदळाच्या पातेल्यांकडे बघत होती. नोकरीची भीती तिला होतीच. घराच्या कर्जाचे हप्ते काकांच्या पगारावर निघत नव्हते. पण ती पातेली तिला जास्त बोचत होती. मुलांच्या जेवणाच्या आड ती स्वतः उभी होती.

तेवढ्यात वैनी आत आली. हातात पाकिटातल्या मिठाची अर्धी गोणी, फरशीवरून ओढत आणलेली. म्हणाली, “खिचडेपुरता ठेवलंय. बाकीचा घे. आणि माझ्याकडे अशी बघू नको, मी काय तुझ्यासाठी आणूक नाय. पोरांसाठी आणलंय.”

आत्या त्या मिठाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता तत्त्व निघणार. तिने पदर खोचला. “चालवून घेऊ आज. उद्या टाकी दोनदा धुवीन.” मग माझ्याकडे वळून, “पत्रक नंतर गं. आधी ही बादली धर, आणि तिकडचा व्हॉल्व्ह सोड. उलटा नाही, सरळ!”

मी, वैनी आणि भाजी चिरणाऱ्या दोघी. आम्ही मीठ ढवळलं, टाकीत सोडलं, मग धुऊन धुऊन पाणी बाहेर काढलं. वैनी सगळा वेळ पुटपुटत होती, “बघा आता, मशिनीक आंघोळ घालतंय!” तासाभराने आत्याने पेला भरला, थेंब टाकले, पूड टाकली. आम्ही सगळ्या त्या पेल्यावर वाकलो. निळा. वैनी म्हणाली, “काय गो झकास रंग!” आत्याने वहीत शून्य लिहिलं, खरंखुरं, आणि बटण दाबलं.

खिचडी शाळांत उशिरा पोचली, पण पोचली, गरम. एका मुख्याध्यापिकेचा तक्रारीचा फोन आला, तर व्यवस्थापक छाती पुढे काढून म्हणाले, “मॅडम, सुरक्षेच्या बाबतीत आम्ही तडजोड करत नाही.” आत्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. कंत्राटदाराचा माणूस आला नाही, दुसऱ्या दिवशी खडे मीठ आलं. भाजी चिरणाऱ्या त्या दोघी आता रोज तिच्याकडून पाणी तपासायला शिकतात. एकीने तर परीक्षेचा फॉर्मही आणलाय. माझं पत्रक मात्र अपुरंच राहिलं. झालेल्या अन्यायावर कसं लिहायचं, ते मला बाबांनी शिकवलं आहे. पण जी नळी फाटली नाही, जे डोळे गेले नाहीत, त्यांच्यावर काय लिहायचं, हे अजून जमत नाही.

बॉयलरची वार्षिक तपासणी होती, तेव्हा आत्याने मला मुद्दाम बोलावलं. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार, ही तिची शेवटची तपासणी. बॉयलर गार करून, रिकामा करून वरचं झाकण उघडलेलं होतं. निरीक्षकांनी आत टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं, नळ्यांवरून बोट फिरवलं, ते रुमालाला पुसलं आणि विचारलं, “पाणी कोण बघतं?” व्यवस्थापकांनी पहिल्यांदाच आत्याकडे हात केला. निरीक्षक गेल्यावर ती मला म्हणाली, “ये, बघ.”

मी शिडीवर चढून आत डोकं घातलं. गार, काळा अंधार होता. टॉर्चच्या उजेडात नळ्या एकीमागे एक, साध्या, गुळगुळीत पडलेल्या. माझाच श्वास मला ऐकू येत होता.

“काय दिसलं?” खालून तिने विचारलं.

“काहीच नाही गं आत्या.”

ती बॉयलरच्या पोटावरून हळूच तळहात फिरवत म्हणाली, “बारा वर्षं लागली त्याला.”