साडेतीन कडव्यांचा सौदा

तीस वर्षं मी गुरांच्या बाजारात काढली. राहात्यापासून काष्टीपर्यंत असा व्यापारी नाही, ज्याने रुमालाखाली माझा हात धरला आणि घरी जाताना स्वतःचा हात कपाळावर मारून घेतला नाही. अकोल्याच्या डोंगरातून मी एका घोंगडीनिशी खाली उतरलो, दुसऱ्यांची गुरं पायी हाकत बाजारात नेऊ लागलो आणि आज नगरजवळ डांबरी रस्त्याला लागून माझी जमीन, अकरा गायींचा गोठा आणि वर दोन खोल्या आहेत. हे सगळं दहा बोटांच्या जोरावर उभं केलं. अशा मला आजवर एकाच माणसाने गंडवलं, आणि त्याच्या हाताला बोटंही पुरती नव्हती.

हा माणूस म्हणजे आमचा भाडेकरू. ऑस्ट्रेलियातला गवई. आमच्या भागात एक समाधी आहे, तिथे परदेशी भक्त येतात. याची बायको त्यांतली. दर हिवाळ्यात ती याला घेऊन यायची. ती आत जाऊन डोळे मिटून बसायची आणि हा बाहेर झाडाखाली गिटार घेऊन बसायचा. पुढे ती वारली, तरी हा येतच राहिला. देवावर याचा विश्वास नव्हता. मग कशाला येतो, असं मी एकदा विचारलं. "ती आत असायची तेव्हा मी बाहेर बसायचो. आता ती कायमची आत गेली, म्हणून काय मी बसायचं सोडू?" असं तो म्हणाला. म्हणजे इंग्रजीत म्हणाला. मराठीत मला माझ्या सुनेने सांगितलं. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि मला ती मामा म्हणते. आम्हा दोघांची सगळी भांडणं तिच्या तोंडून झाली. माझ्या शिव्यांचं ती काय करायची देव जाणे, कारण त्या ऐकून हा मान हलवून 'थँक्यू' म्हणायचा.

पहिल्या दिवशीच त्याने माझा अपमान केला. खोलीचं भाडं मी दुप्पट सांगितलं. का, तर समोरचा निम्म्यावर येणार, मग मी चिडणार, तो उठून जिन्यापर्यंत जाणार, मी हाक मारणार, चहा होणार, आणि जमणार. याने भाडं ऐकलं आणि 'ओके' म्हणून बॅग खाली ठेवली. मी तोंड उघडं टाकून उभा. दुप्पट भाडं मिळाल्याचा आनंद मला एक दिवसही झाला नाही. भाजीवालीलाही तो सांगेल तेवढे देई, आणि चार दिवसांत कोथिंबिरीची जुडी आमच्या घरालाही परदेशी भावाने मिळू लागली. त्यातून अकरा गायींच्या घरात राहून हा चहा बिनदुधाचा प्यायचा. माझी बायको म्हणायची, "त्यांना दूध सोसत नसंल. तुमाला काय करायचंय?" पण रोज सकाळी गोठ्यापुढून जाताना तो डोक्यावरची रुंद काठांची टोपी काढून गायींना सलाम करायचा, आणि मग वर जाऊन काळा चहा ढोसायचा. याला ढोंग नाही तर काय म्हणायचं?

त्याची गाणी गुराख्यांची आणि ट्रकवाल्यांची. त्यात ताना नाहीत, मुरक्या नाहीत. एक माणूस खुर्चीवर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसं गातो आणि अधूनमधून तारांवर हात मारतो. खासियत एवढीच की प्रत्येक गाण्यात काहीतरी जातं. मी सुनेला विचारायचो, "काय म्हणतोय?" ती ऐकून सांगायची, "बायको सोडून गेली, मामा." दुसऱ्या गाण्यात ट्रक बंद पडायचा. तिसऱ्याला ती म्हणायची, "ह्यात कुत्रं मेलं." पण एवढं सगळं मरत असताना गाणाऱ्याचा चेहरा बघावा तर लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखा. दुःखाची गाणी इतक्या सुखाने गाणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्याची सगळी कारकीर्द मला गिटारीच्या तारा लावता लावता कळली. आणि तारा लावायला तो जेवढा वेळ घेई तेवढ्यात आमच्या तीन गायींची धार निघे. मेंढ्यांच्या माळरानावर जन्म. सोळाव्या वर्षी लोकर दाबायच्या यंत्रात उजव्या हाताची अर्धी करंगळी गेली. तार छेडायला तिचं काही अडत नाही, म्हणून बाप म्हणाला, देवाने नीट बघून कापली. त्याच वर्षी जनावरांच्या प्रदर्शनात गाऊन याने पहिलं बक्षीस मिळवलं. मग चाळीस वर्षं बायको आणि हा एका जुन्या गाडीतून गावोगाव हिंडले. हा दारूच्या गुत्त्यात गायचा, ती दाराशी बसून कॅसेटी विकायची. एका गावात सात श्रोते होते, त्यांतले दोघे झोपलेले. गावं त्याला दुसऱ्यांदा बोलवत ती बहुतेक ट्रॅक्टर दुरुस्त करायला. एकच गाणं रेडिओवर गाजलं, तेही एका उन्हाळ्यापुरतं, आणि त्या गाण्यावरून आमची पहिली खरी लढाई झाली.

ते गाणं दुष्काळाचं. त्याच्या लहानपणी सलग काही वर्षं पाऊस पडला नाही, चारा संपला, आणि बापाने गुरं एका कुंपणात घालून बंदुकीने मारली. फाटक उघडायचं काम याच्याकडे होतं. सुनेने हे सांगितलं आणि मी ताडकन उठलो. "इचार त्याला, ही कुटली रीत? आमच्याकडं दुष्काळात चारा-छावनी आसती. मानूस घर सोडून चार म्हैने गुरांपाशी झोपतो. गोळ्या न्हाई घालीत." तिने विचारलं. त्याने एक तार पिळली. मग म्हणाला, सगळ्यात जवळचा शेजारी एक दिवसाच्या वाटेवर होता, छावणी घालायची कुणी? मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आणि सुनेला गाडीत घालून घोडेगावच्या बाजाराला नेलं. माफी मागायची मला सवय नाही.

बाजारात त्याने रुमालाखालचा सौदा पाहिला आणि खुळावलाच. दोन माणसं एकमेकांकडे न बघता रुमालाखाली हात देतात, एकजण दुसऱ्याची बोटं दाबतो, जेवढी बोटं तेवढा भाव, आणि भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. मी सुनेमार्फत त्याला कायदा सांगितला. "तोंडानं बोलल्यालं हितं चालत न्हाई. हातात येईल त्यो सौदा. एकदा रुमाल काडला की देवालाबी बदलता येत न्हाई." त्याने हे वहीत लिहून घेतलं. तेव्हाच मला वास यायला हवा होता.

आता माझं दुखणं सांगतो. या माणसाने आमच्याकडे राहून सगळ्यांवर गाणी केली. फाट्यावरच्या चहावाल्यावर केलं. थांब्यावर न थांबणाऱ्या एसटीवर केलं. स्पीकर लावून ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर तर दोन केली. माझ्या कुत्र्याने त्याला चावा घेतला, तर आठवड्याच्या आत कुत्र्यावर गाणं. आणि ज्याच्या छपराखाली हा राहतो, ज्याने त्याला तापात डॉक्टरकडे नेलं, विजेचं बिल आलं तर बायकोच्या सांगण्यावरून कमी सांगितलं, त्याच्यावर एक ओळ नाही. मी कुणाला बोललो नाही. पण घरात दारं जरा जोरात लागत असावीत, कारण सून म्हणाली, "मामा, तुमच्यावर गाणं करायला सांगू का त्यांना?" मी म्हणालो, मागून घेतलेल्या मानाला काय चव?

गेल्या खेपेला मात्र संधी चालून आली. तांबू नावाची आमची गाय म्हातारी होऊन आटली होती. भाकड गाय दावणीला ठेवणारा मी नव्हे. गिऱ्हाईक यायचं ठरलं. तेवढ्यात आमचा भाडेकरू खाली आला आणि फाटकाला पाठ लावून उभा राहिला. सुनेने सांगितलं, "मामा, ते म्हणतायत हिला विकू नका. पैसे देतो म्हणतायत."

"पैसं नकोत म्हनावं," मी म्हणालो. "माझ्यावर गानं पायजे. नावासकट."

त्याने माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि आमच्या दोघांच्या हातांवर धरली. रुमालाच्या जागी टोपी. मी त्याची पाची बोटं दाबली: पाच कडवी. त्याने माझी दोन दाबली. मी हात झटकला, दावं सोडल्यासारखं केलं, तोही जिन्यापर्यंत गेला, मी हाक मारली. काय सांगू, पहिल्या दिवशीची माझी सगळी भूक त्या दुपारी भागली. शेवटी मी अंगठा सोडून त्याची चार बोटं घट्ट धरली. त्याने लगेच मान हलवली आणि टोपी उचलली.

"चार," मी सुनेला म्हणालो.

तो हसत हात वर करून काहीतरी बोलला. सून ओठ दाबून म्हणाली, "साडेतीन म्हणतायत, मामा. हातात येईल तो सौदा. तुमच्या हातात तीन बोटं आणि एक अर्धं आलं."

मी त्या करंगळीकडे बघत राहिलो. तीस वर्षांत मी असा उघडा पडलो नव्हतो. चिडलो, ओरडलो, पण कायदा माझाच होता. तांबू राहिली.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने अंगणात गाणं म्हटलं. चहावाला आला, शेजारी आले. पहिलं कडवं संपलं, मी सुनेकडे पाहिलं. "गाईचे डोळे," ती म्हणाली. दुसरं संपलं. "गाईची चाल." तिसऱ्याला ती म्हणाली, "एक फाटक त्यांनी लहानपणी उघडलं होतं. आणि एक फाटक हे, जे उघडलं नाही." बायकोने डोळ्यांना पदर लावला. मी मात्र अजून माझी वाट बघत होतो. उरलेल्या अर्ध्या कडव्यात माझं नाव आलं, अगदी नीट उच्चारून, आणि गाणं थांबलं. त्याने गिटार खाली ठेवली.

"काय म्हनला?"

"ह्या फाटकाचा मालक सगळ्या जगावर ओरडतो, पण..."

"पन काय?"

"अर्धंच ठरलं होतं ना, मामा."

सगळं अंगण हसलं. गाईला तीन कडवी आणि मालकाला 'पण'. मी त्याला निरोप द्यायला फाट्यापर्यंतही गेलो नाही. तो गेल्यावर दिसलं, टोपी गोठ्यात खुंटीला ठेवून गेला होता.

या हिवाळ्यात तो आला नाही. डॉक्टरांनी विमानाला मनाई केली आहे, हात कापतात, गिटार धरवत नाही, असं सून सांगत होती. परवा दुपारी त्याचा फोन आला. ती बोलता बोलता गोठ्यात आली. "मामा, राहिलेलं अर्धं त्यांनी लिहिलंय. आत्ता म्हणतो म्हणतायत. दोनच ओळी आहेत."

मी वैरणीचा भारा खाली ठेवला. वर्षभर त्या 'पण'ने माझं डोकं खाल्लं होतं. बाजारात सौदा करतानाही मध्येच आठवायचं. गिटार धरवत नाही म्हणे, तरी फोनमधून तारा लावल्याचा आवाज येत होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता.

"नगं म्हनावं," मी म्हणालो.

"मामा?"

"फोनवर सौदा व्हत न्हाई. गाय हितं हाय, टोपी हितं हाय. हितं येऊन म्हन म्हनावं. न्हाईतर मोडला सौदा."

तिने ते सांगितलं.  पलीकडे तो हसला आणि हसता हसता बराच वेळ खोकला. 'ओके' म्हणाला. भाडं ऐकून म्हणाला होता, तसंच.

सून फोन बंद करून तिथेच उभी राहिली. "तुम्हाला खरंच ऐकायचं नव्हतं?"

मी म्हणालो, वैरण टाकायची राहिलीय. तांबूपुढे टाकली. तिच्यापुढे सकाळची अजून तशीच पडून होती, आणि सुनेला ते दिसत होतं.